तुझ्या डाव्या बाजूला

शिरीष, मी बोललो. तू नको म्हणाला होतास, मी शब्द दिला होता, आणि तरी बोललो. तुझ्याच घरात उभं राहून माधवीवहिनींना आणि तुझ्या लेकीला, ऋचाला, सगळं सांगून टाकलं. तू असतास तर मला जिन्यावरून खाली ढकललं असतंस. ये आणि ढकल. खरंच ये.

तू जाऊन आज सव्वीस दिवस झाले. ऑफिसच्या शोकसभेत तुझी माहिती वाचून दाखवली, कधी लागलास, कुठल्या कुठल्या सेक्शनला होतास, किती मनमिळाऊ होतास. मी मागच्या रांगेत बसून होतो. वाचणारा पोरगा तुला धड ओळखतही नव्हता. त्याला उठवून मी उभं राहायला हवं होतं, पण मी काय बोलणार होतो? माझ्याकडे तुझं जे होतं ते सभेत बोलण्यासारखं नव्हतंच.

मी नगरचा ख्रिस्ती, तू पुण्याचा कोकणस्थ. दिल्लीत दोघंही नवे, आर. के. पुरमच्या एकाच क्वार्टरमध्ये सबलेटवर राहणारे. पहिल्याच महिन्यात तू विचारलंस, "तुमच्याकडे म्हणे पाद्रीबाबाला जाऊन सगळं सांगतात, आणि तो कोणाला सांगत नाही?" मी म्हटलं, "अरे ते कॅथलिकांचं. आमच्यात थेट देवालाच सांगतात." तू म्हणालास, "देव बिझी असतो यार. मला पाद्रीच बरा." त्या दिवसापासून तीस वर्षं तू मला पाद्री म्हणत आलास. माझी बायको सुनीता माहेरी गेली की तिची आईसुद्धा विचारायची, पाद्री कसे आहेत?

पण खरा पाद्री तू होतास. माझे वडील गेले त्यानंतरची तीन वर्षं मी दुपारी प्यायचो, हे ऑफिसात फक्त तुला ठाऊक होतं. माझ्या फायली तू पुऱ्या केल्यास. माझ्या तोंडाचा वास येईल म्हणून साहेबांसमोर मीटिंगला तू जायचास. मग दर शनिवारी मला बसमध्ये घालून गाझियाबादला न्यायचास, तिथल्या एका शाळेत दारू सोडणाऱ्यांची बैठक भरायची. सुनीताला वाटायचं आपण प्लॉट बघायला जातो. "मिळाला का काही?" ती विचारायची. तू गंभीर चेहऱ्यानं सांगायचास, "वहिनी, पाण्याचा प्रॉब्लेम आहे तिकडे." दोन वर्षं आपण प्लॉट बघत होतो. मी सुटलो. तू त्या गोष्टीचा पुन्हा कधी उच्चारही केला नाहीस, चेष्टेतसुद्धा नाही.

म्हणून जेव्हा तुझी पाळी आली, तेव्हा मी शब्द दिला. दुसरं काय करणार होतो?

आपल्या त्या जुन्या डेप्युटी सेक्रेटरींना प्रत्येक नोटिंगमध्ये एक इंग्रजी वाक्य लिहायची सवय होती, अमक्याला 'टेकन इंटू कॉन्फिडन्स' करावे. तू त्याचं मराठी केलं होतंस, "विश्वासात घेणे, म्हणजे बळी द्यायच्या आधी बोकडाला कळवणे." चौदा महिन्यांपूर्वी मार्केटमधल्या चहावाल्याच्या बाकावर बसून तू हेच म्हणालास. "पाद्री, तुला एका गोष्टीत टेकन इंटू कॉन्फिडन्स करायचंय." मी हसलो. मला वाटलं बदलीचं काहीतरी असेल.

"माझ्या डावीकडे येऊन बस," तू म्हणालास. मी बसलो.

"आता हात वर कर. केलास?"

"केला."

"मला नाही दिसला."

मी हात तसाच वर धरून बसलो होतो. चहावाल्याला वाटलं मी त्याला बोलावतोय, तो दोन ग्लास घेऊन आला.

काचबिंदू. डावा डोळा जवळजवळ गेलेला, उजव्याचीही कडेची नजर कमी होत चाललेली. डॉक्टरनं गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं होतं. सरकारी दवाखान्यात तू गेलाच नव्हतास, कारण तिथली चिठ्ठी वहिनींच्या हाती पडली असती. मी म्हटलं, "पडू दे ना. बायको आहे ती तुझी."

तेव्हा तू सांगितलंस. वहिनींच्या वडिलांना हाच आजार होता. अकरा वर्षं ते तुमच्याकडे होते आणि अकरा वर्षं वहिनींनी त्यांना हात धरून बाथरूमपर्यंत नेलं, ताटात कुठे काय वाढलंय ते सांगितलं. ते गेले त्या संध्याकाळी त्या तुला म्हणाल्या होत्या, "आता मी कोणालाही हात धरून चालवणार नाही. संपलं माझ्यातलं." तू म्हणालास, "ती थकून बोलली, मला कळतं. पण मी तिच्यासमोर दुसरा म्हातारा होऊन कसा जाऊ? रिटायर होईपर्यंत थांब. मग मी स्वतः सांगतो. तोवर कोणाला नाही. सुनीताला पण नाही."

"ठीक," मी म्हटलं. एवढंच म्हटलं. त्या एका शब्दाचं ओझं किती होतं ते मला आता कळतंय.

दुसऱ्या दिवसापासून मी तुला ऑफिसला न्यायला लागलो. पेट्रोल वाचवायचं निमित्त. मुनिरकाच्या पुढे ऑफिस हललं होतं, रस्ता एकच. चालताना मी तुझ्या डाव्या बाजूला राहायचो. गर्दीत, जिन्यावर, कॅन्टीनमध्ये, चौदा महिने मी डावीकडे. तुझे ड्रॉप माझ्या ड्रॉवरमध्ये असायचे. सकाळी पोचल्यावर आणि संध्याकाळी निघताना वॉशरूममध्ये तू डोकं मागे टाकायचास आणि मी खालची पापणी ओढून थेंब सोडायचो. दर वेळी तुझं तोंड उघडं पडायचं, लहान मुलासारखं. मी म्हणायचो, "तोंडात नाही घालत आहे." दर वेळी तू हसायचास आणि थेंब गालावर जायचा.

शिरीष, ते दिवस चांगले होते असं म्हणायला मला लाज वाटते. पण होते. मला तुझा उपयोग होण्यापेक्षा तुला माझा उपयोग होतोय, ह्यात सुख होतं. ह्या सुखातच मी मूर्ख झालो. डॉक्टरकडे तू शेवटचा कधी गेलास हे मी विचारलं नाही. दुसरा डोळा कुठवर आलाय हे विचारलं नाही. आपलं गुपित छान चाललंय, एवढंच मला दिसत होतं.

आणि मग तो रविवार. दुधाच्या बूथवर तू मला स्कूटरवर दिसलास. स्कूटरवर! पुढे दोन पिशव्या लटकावून आरामात येत होतास. मी हँडल धरलं.

"चावी दे."

"अरे सेक्टरमधल्या सेक्टरमध्ये. कोण असतं रविवारी?"

"चावी दे शिरीष."

"नाही देत. चौदा महिने झाले, मी पार्सलसारखा तुझ्या गाडीत बसतोय. डावीकडून चल, पायरी आहे, डोकं वर कर. मला पण वाटतं ना यार, एकदा स्वतः जावं."

"मग मी आत्ता वहिनींना सांगतो."

तुझा चेहरा पांढरा पडला. "सांग. आणि मग माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस."

मी काय म्हणालो ते तुला आठवत असेल. मला तर रोज आठवतं. मी म्हणालो, "ठीक आहे. उद्यापासून तुझा तू जा. मी तुझा ड्रायव्हर नाही."

"नको येऊस," तू म्हणालास.

सोमवारी मी आलो नाही. तू बसनं आलास, मला बरं वाटलं, पण बोललो नाही. तुझे ड्रॉप ड्रॉवरमधून काढून तुझ्या टेबलावर ठेवून आलो, मुद्दाम, आवाज करून. मंगळवारीही तू बसनंच आलास. तू आधी बोलशील असं मला वाटत होतं. तुलाही तसंच वाटत असेल. बुधवारी सकाळी मी मुनिरकाच्या अलीकडे अर्धा तास जाममध्ये अडकलो. हॉर्न वाजवत होतो. शेजारच्या गाडीवाल्याला म्हणालो, "सुबह-सुबह पता नहीं कौन गिरा पड़ा है." हे मी म्हणालो, शिरीष. ह्या तोंडानं. त्या जाममध्ये, दोनशे पावलांवर, तू होतास.

चौकात डावीकडून स्कूल व्हॅन आली. मुलांना सोडून रिकामी परत निघाली होती. तू थांबला नाहीस.

तिसऱ्या दिवशी तपास करणारा सब-इन्स्पेक्टर घरी आला. चौकातल्या कॅमेऱ्याचं तोंड दुसरीकडे होतं, आणि व्हॅनवाला म्हणत होता की चूक स्कूटरवाल्याची. वहिनी सोफ्यावर ताठ बसल्या होत्या. त्यानं विचारलं, "नज़र वगैरह ठीक थी साहब की?"

"बिल्कुल ठीक," वहिनी म्हणाल्या. "तीस साल से स्कूटर चला रहे थे. एक खरोंच नहीं." आणि माझ्याकडे बघितलं. "भावजी, सांगा ना ह्यांना."

मी मान हलवली. "हाँ जी. ठीक थी."

त्यानं लिहून घेतलं. मी सही केली. अक्षर माझंच होतं, नेहमीसारखं स्वच्छ.

मला वाटलं होतं हा तुझा शब्द पाळणं आहे. गुपित राखतोय मी, मेल्यावरसुद्धा. पण दहाव्या दिवशी तो व्हॅनवाला तुझ्या जिन्याखाली येऊन उभा राहिला. दीवान सिंह नाव त्याचं, गढवालचा, पन्नाशीचा, मुनिरकात एका खोलीत बायकोबरोबर राहतो. वहिनींनी वरूनच बघितलं आणि दार लावून घेतलं. मी त्याला हाकलायला खाली गेलो.

तो भांडायला आला नव्हता. जामिनावर होता, लायसन्स जमा, शाळेनं काढून टाकलेला, पण त्यातलं तो काहीच बोलला नाही. हात जोडून म्हणाला, "साहब, एक बात पूछनी थी. उनको कोई परेशानी थी घर में?"

"क्यों?"

"मैंने हॉर्न दिया था. उन्होंने गरदन घुमाके मेरी तरफ़ देखा, साहब. सीधे मेरी आँखों में देखा. और फिर आगे बढ़ गए. देखकर भी कोई कैसे बढ़ेगा? मैं पागल हो जाऊँगा साहब. मुझे लगता है वो मरने ही आए थे, और भगवान ने मुझे चुन लिया."

त्यानंच तुला व्हॅनमध्ये घालून हॉस्पिटलला नेलं होतं, हे त्यानंच पुढे सांगितलं. मी विचारलं, "रास्ते में कुछ बोले?"

"एक ही बात बोलते रहे. गाड़ी किधर से आई, भैया? गाड़ी किधर से आई?"

शिरीष, मी तिथेच पायरीवर बसलो. तो परका माणूस मला पाणी आणायला धावला.

तेरावा होईपर्यंत मी थांबलो. चौदाव्या दिवशी दुपारी तुझ्या घरी गेलो. ऋचा बंगलोरला परत जायची बॅग भरत होती. वहिनी वकिलाकडे जायच्या तयारीत होत्या. "त्या माणसाला मी सोडणार नाही भावजी," त्या म्हणाल्या. "तुम्ही साक्षीला याल ना?"

मी बसलो नाही. बसलो असतो तर बोलता आलं नसतं. म्हटलं, "वहिनी, शिरीषला दिसत नव्हतं. डावा डोळा गेला होता. काचबिंदू होता."

ऋचा बॅगेतून वर बघत म्हणाली, "काका, काचबिंदू म्हणजे?"

"ग्लॉकोमा," वहिनी म्हणाल्या. आवाज अगदी शांत. "आजोबांना होता तो." मग माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"चौदा महिने."

"चौदा महिने." त्यांनी पर्स टेबलावर ठेवली. "चौदा महिने तुम्ही माझ्या हातचं जेवत होतात. दिवाळीला इथे बसून चकल्या खाल्ल्यात. मी तुम्हाला विचारलं होतं भावजी, शिरीष हल्ली चहाचा कप डावीकडे ठेवला की सांडतो, असं का? तुम्ही म्हणालात, वय झालं त्याचं. आठवतं?"

"आठवतं."

"आणि का लपवलं माझ्यापासून?"

मी सांगितलं. त्यांच्या वडिलांचं, त्या संध्याकाळचं, 'कोणालाही हात धरून चालवणार नाही' म्हणाल्या ते. मला वाटलं होतं त्या रडतील. त्या ओरडल्या. तीस वर्षांत मी त्यांचा चढलेला आवाज ऐकला नव्हता.

"अहो मी तेव्हा अकरा वर्षं करून दमलेली होते! माणूस बोलतं! एका वाक्यावर तो विसंबला? मी नेलं असतं त्याला. बाथरूमला, बाजारात, ऑफिसात, कुठेही नेलं असतं. तुम्हा दोघांना कोणी हक्क दिला माझ्या वतीनं ठरवायचा?"

ऋचा मला दारापर्यंत सोडायलाही आली नाही. बरोबरच होतं तिचं.

मी तसाच पोलीस स्टेशनला गेलो. सब-इन्स्पेक्टरनं सगळं ऐकून पेन खाली ठेवलं. "पहले क्यों नहीं बोले?" म्हटलं, "दोस्त को ज़बान दी थी." तो म्हणाला, "और वो ड्राइवर? उसकी भी तो कोई ज़बान होगी." नवीन जबाब घेतला. डॉक्टरचं नाव घेतलं, तुझ्या टेबलावरचे ड्रॉप मागवून घेतले. माझ्या खोट्या जबाबाचं काय होईल ते होवो. केस अशी एका दिवसात संपत नाही, पण फाइलला खरं जोडलं गेलं.

तिथून मुनिरकात दीवान सिंहची खोली शोधली. दारातच सांगितलं, "उन्हें उस तरफ़ का दिखता नहीं था. उन्होंने आपको देखा ही नहीं."

"देखा ही नहीं?" त्यानं दोनदा विचारलं. मग भिंतीला टेकून खाली बसला आणि मोठ्यानं रडायला लागला. त्याची बायको आतून धावत आली, तिला वाटलं मी काही वाईट बातमी आणली.

घरी येऊन सुनीताला सांगितलं. ती म्हणाली, "मलासुद्धा नाही?" मग उठून कणीक मळायला गेली. त्या दिवसापासून ती माझ्याशी नीट वागते, जरा जास्तच नीट, पाहुण्याशी वागावं तशी.

माझ्या हातात काय राहिलं शिरीष? तुझा शब्द मोडला. वहिनी गेल्या, ऋचा गेली. आणि तू तर आधीच गेलास, माझ्याशी अबोला धरून. मला तुझा राग येतो. इतका येतो की सकाळी गाडीत बसलो की शेजारच्या रिकाम्या सीटला मी शिव्या देतो. तू सांगायला नको होतंस. किंवा मी ऐकायला नको होतं. मग वाटतं, तू मला सोडून आणखी कोणाला सांगितलं असतंस? कोणालाच नाही. एकटाच आंधळा होत गेला असतास. तेवढं तरी मी तुला होऊ दिलं नाही. हे पुरेसं आहे का? मला सांग. तुझ्याशिवाय हे विचारायचं कोणाला?

परवा वहिनींचा फोन आला. "या," एवढंच म्हणाल्या.

मी गेलो. त्यांनी पाणी आणून ठेवलं. माझ्यावर राग आहे आणि राहील, हे त्यांनी सांगून टाकलं, मला ते बरं वाटलं. वकिलाला त्यांनी नको म्हणून कळवलं होतं. मग म्हणाल्या, "एकच विचारायचंय. रोज तुम्ही न्यायचात त्याला. ते तीन दिवस का नाही आलात?"

हा प्रश्न कधीतरी येणार हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी तोंड उघडलं, पण त्याआधी त्याच पुढे बोलल्या.

"मी त्याला विचारलं होतं सोमवारी. पाद्री का नाही आला? तर म्हणाला, त्याची गाडी गॅरेजला आहे, बुधवारपर्यंत यायची नाही. बुधवारी सकाळी परत म्हणाला, बिचाऱ्याची गाडी अजून मिळालेली नाही, मीच आज स्कूटर काढतो, त्याला पण येताना घेऊन येईन. तसंच ना? गॅरेजला होती ना?"

माझ्यावर चिडलेला असताना तू त्यांना हे सांगितलंस. आपलं भांडण त्यांच्यापर्यंत जाऊ दिलं नाहीस. आणि त्या बाई माझ्याकडे बघत होत्या, अगदी आशेनं बघत होत्या, की मी एकदा 'हो' म्हणावं. एवढं एक तरी सरळ असावं. म्हटलं असतं तर तुझंही खोटं टिकलं असतं आणि माझंही.

मी ग्लास खाली ठेवला.

"नाही वहिनी," मी म्हणालो. "गाडी घराखालीच उभी होती."